‘संशयित’ हा एक शब्द गळाला तेव्हा: घरपोच नर्सिंग तपासणीचा अनुभव

आधी कबुली देते. ही सेवा आम्ही माझ्या थोरल्या भावासाठी घेतली, आणि सिस्टर घरी आली तेव्हा मी स्वतः ३४ वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर आहे, हे तिला सांगितलं नाही. वहिनींनाही बजावून ठेवलं होतं, ‘मी नुसती बहीण, बाकी काही बोलू नका.’ कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि गप्प बसायचं ठरवलं. किती वेळ जमलं ते पुढे येईलच.

सेवा अशी: डायबेटिसचा संशय असलेल्या रुग्णाच्या घरी प्रशिक्षित नर्स येते, दीडेक तास तपासणी आणि विचारपूस करते, चोवीस तासांत लेखी केअर प्लॅन पाठवते आणि दहाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा येऊन जाते. निदान करणं, औषध देणं हे डॉक्टरांचं काम. तसं ते सुरुवातीलाच स्पष्ट सांगतात, ते बरं वाटलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. लिहायचं आहे ते कामाबद्दल.

दादा ७१ वर्षांचा. तीन महिन्यांपासून रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत होता. या वयात पुरुष रात्री उठायला लागला की सगळे प्रोस्टेटवर ढकलून मोकळे होतात. इथेही तेच झालं, प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली, तर घरात कौतुक, की पोट उतरलं म्हणून. मग एक दिवस शेजाऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर सहज बोट टोचलं आणि आकडा आला २४३. घराचा नूरच पालटला. डॉक्टरांनी तपासून ‘डायबेटिसचा संशय’ असं लिहिलं, रक्ततपासण्या लिहून दिल्या, आणि मधल्या काळात घरी लक्ष ठेवायला कुणीतरी असावं म्हणून ही सेवा सुचवली.

सिस्टर वयानं माझ्या भाचीएवढी. दारातून आत आली, हात धुवायची जागा विचारली, आणि खुर्चीत बसायच्या आधी दादाला म्हणाली, ‘काका, जरा त्या खिडकीपर्यंत जाऊन या.’ दादाला वाटलं खिडकी बंद करायला सांगतेय. ती त्याची चाल बघत होती. माझ्या मनात पहिला गुण तिथेच पडला.

दुसरा पडला तो तिनं नाडी बघायला मनगट धरलं तेव्हा. घड्याळाकडे बघत ती पूर्ण दोन मिनिटं मनगट धरून बसली. नाडीला एवढा वेळ लागत नाही. एक मिनिट नाडी, आणि हात तसाच ठेवून दुसरं मिनिट श्वास. ‘आता तुमचा श्वास मोजते’ म्हटलं की माणूस भलताच श्वास घ्यायला लागतो, म्हणून ही जुनी युक्ती. मग जीभ बघितली, छातीच्या हाडावरची कातडी चिमटीत धरून सोडली, उलट्या होतात का, पोट दुखतं का, दिवसा गुंगी येते का हे विचारलं. लघवीच्या पट्टीवर साखर भरपूर दिसली, कीटोन (साखर वापरता येईना की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारी आम्लं) नव्हते. हे सगळं झाल्यावरच तिनं टॅबलेट उघडून फॉर्म सुरू केला. हा क्रम मला फार आवडला. संशयित डायबेटिसमध्ये पहिला प्रश्न ‘डायबेटिस आहे का’ हा नसतोच. पहिला प्रश्न हा, की हा माणूस आज घरी राहण्याजोगा आहे की आत्ता दवाखान्यात हलवायचा. खोल, जोरजोरात चाललेला श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, उलट्या, झापड, यातलं काही असेल तर फॉर्म गेला खड्ड्यात. आणि म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच असतं. त्यांची साखर दिवसेंदिवस, कधी आठवडे चढत ६०० च्या पुढे जाते, शरीर कोरडं पडत जातं, आणि घरचे म्हणत राहतात, ‘हल्ली जरा सुस्तावलेत.’

मग विचारपूस. इथे तिनं एक प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हिला पैकीच्या पैकी देईन.

‘काका, रात्री उठता तेव्हा दर वेळी भरपूर होते, की थोडी थोडी?’

दादा म्हणाला, ‘भरपूर. म्हणून तर वैताग.’

तीन महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. प्रोस्टेटचा माणूस उठतो वारंवार, पण थोडी थोडी, अडखळत, थेंब थेंब. साखरेचा माणूस दर वेळी भांडं भरतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती सगळी परत आत ओढून घेऊ शकत नाहीत. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी सोबत घेऊन जाते. मग तहान. तहानेवर पाणी, पाण्यावर पुन्हा लघवी. पुढचा प्रश्नही नेमका होता: ‘पाणी पिता म्हणून उठता, की उठल्यावर तोंड कोरडं असतं म्हणून पिता?’ उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीत किती वेळा भरावा लागतो, हे तिनं दादाला न विचारता वहिनींना विचारलं. बरोबर केलं. तांब्या भरतं कोण, त्यालाच आकडा माहीत.

यातली एक गोम इथे सांगून टाकते. वयस्क माणसांत मूत्रपिंडाची ही मर्यादा वर सरकलेली असू शकते, म्हणजे साखर बरीच वाढूनही लघवी वाढत नाही. दादाची वाढली म्हणून तो सापडला. ज्याची वाढत नाही तो नुसता थकतो, आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून दिला जातो.

औषधांच्या बाबतीत तिनं नावांची यादी मागितली नाही. ‘सगळा डबा आणा, काका, संपलेल्या स्ट्रिपसकट,’ म्हणाली. डबा उपडा केल्यावर प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची, स्ट्रिप निघाली. खोकल्यासाठी दुसऱ्याच एका डॉक्टरांनी सात दिवसांचा कोर्स दिला होता, आणि तो पाचवा दिवस चालू होता. दादानं आपल्या डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं, ‘ते खोकल्याचं होतं’ म्हणून! स्टेरॉइडनं साखर चढते, त्यातही सकाळी उपाशीपोटी फारशी नाही आणि दुपारनंतर भरमसाट. शेजाऱ्यांकडचा तो आकडा दुपारी चारचा होता.

इथे कच्ची नर्स काय करते, तर ‘मग स्टेरॉइडमुळेच असेल’ म्हणून सुटकेचा श्वास सोडते. हिनं तसं केलं नाही. वजन तीन महिन्यांपासून उतरतंय, गोळी पाच दिवसांची. दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या, आमच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला, आणि दादाला म्हणाली, ‘गोळी मनानं बंद करायची नाही हां काका.’ डॉक्टरांनी कोर्स पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच्या ठरलेल्या दिवशी रक्त द्या, असं सांगितलं. मधल्या काळात काय दिसलं तर थांबायचं नाही, तेही सांगितलं.

‘मीटरवर बोट टोचलंत तेव्हा हात धुतले होते का?’ हा तिचा पुढचा प्रश्न. वहिनींना आठवलं की दादा तेव्हा नुकताच फळ सोलून उठला होता. फळाचा रस बोटाला लागलेला असला की मीटर त्या रसाची साखर मोजतं, माणसाची नाही. तिनं साबणानं हात धुवायला लावले, नीट कोरडे करायला लावले, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं. जेवून दोन तास चाळीस मिनिटं झाली होती, आकडा १८७. आकड्याशेजारी तिनं ती वेळही लिहिली. वॉर्डात मी किती चार्ट पाहिलेत, ज्यांत नुसता आकडा असतो आणि जेवणाआधीचा की नंतरचा याचा पत्ता नसतो. तसा आकडा लिहिला काय न लिहिला काय.

आणि मग ती म्हणाली, ‘यावरून डायबेटिस आहे असं मी म्हणणार नाही. हे मशीन लक्ष ठेवायला आहे, निदानाला नाही.’ अगदी खरं. चांगल्या मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा १०० च्या वरच्या साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. म्हणजे खरी साखर २०० असताना मीटरनं १७० दाखवलं किंवा २३० दाखवलं, तरी मीटर पास. निदानाला प्रयोगशाळेतलं रक्त लागतं: उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर. ठळक लक्षणं असतील तर कधीही घेतलेल्या नमुन्यात २०० पुरतात. लक्षणं स्पष्ट नसतील तर दोन निकाल वाढलेले हवेत.

पायांची तपासणी हा या भेटीचा सगळ्यात चांगला भाग. ती खाली जमिनीवर बसली. मोजे दादाला काढायला लावले (त्यातही वाकता येतं का ते कळतं). बेचक्या एकेक करून उघडून बघितल्या. डाव्या पायाच्या करंगळीशेजारी पांढरट ओली कातडी आणि बारीक चीर निघाली. साध्या चिखल्या, पण साखर असलेल्या माणसाच्या पायात जंतूंना आत शिरायला एवढी फट पुरते. मग दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट काढला, जाड केसासारखा तो नायलॉनचा तंतू. आधी दादाच्या हातावर टेकवून दाखवला, म्हणजे काय जाणवायला हवं ते कळावं. मग डोळे मिटायला लावले आणि तंतू वाकेपर्यंत दाबून एकेक जागा तपासली. ‘लागतंय का?’ असं विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘लागलं की सांगा आणि कुठे ते सांगा,’ म्हणाली, आणि मध्येच एकदोनदा तंतू न टेकवता नुसती थांबली. दादा तिथे फसला नाही. उजव्या अंगठ्याखाली मात्र त्याला दोनदा कळलं नाही.

तिथे तिची एक चूक झाली. ती जागा घट्ट्यावरची होती. घट्टा पडलेल्या जाड कातडीवर तंतू टेकवायचा नसतो, शेजारी टेकवायचा. तिनं ‘संवेदना कमी’ असं लिहून टाकलं. शिवाय १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तिच्या पिशवीत नव्हता, म्हणजे कंप जाणवतो की नाही ते राहूनच गेलं. नसांचा त्रास बघायला ही दोन्ही साधनं जोडीनं वापरायची असतात. एकच आणायचं तर मग ‘संपूर्ण पाय तपासणी’ असं जाहिरातीत लिहू नये.

पण पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची, दोन्ही नाड्या तिनं दोन्ही पायांत शोधल्या, आणि शेवटी दादाच्या बुटात हात घालून आतून चाचपला. आतलं अस्तर टाचेपाशी दुमडून त्याची कडक घडी झाली होती. दादा महिनाभर त्यावरून चालत होता. मी ३४ वर्षांत स्वतः किती बुटांत हात घातला असेल? मोजून सांगायला नको.

आता काय राहिलं ते. फॉर्म नर्सिंगच्या अभ्यासक मार्जरी गॉर्डन यांच्या ११ आरोग्यविषयक पैलूंवर बेतलेला होता. आहार, उत्सर्जन, झोप, हालचाल, ताण वगैरे. लैंगिक आरोग्याच्या रकान्यात तिनं काही न विचारताच ‘अडचण नाही’वर खूण केली. समोर बायको आणि बहीण बसलेली, विचारणार कशी, हे समजतं. मीही वॉर्डात कित्येकदा तशीच खूण केली आहे. पण साखर वाढलेल्यांना जननेंद्रियांपाशी बुरशीची खाज बऱ्याचदा होते, आणि नेमकं तेच कुणी आपणहून सांगत नाही. ‘तुम्ही दोघी जरा बाहेर थांबता का?’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. हिरड्या आणि दात बघितले नाहीत. स्वयंपाकाची चौकशी दादाकडे केली, ज्याला घरातलं मीठ कुठे असतं तेही ठाऊक नाही.

आणि बीपी फक्त बसवून घेतलं. रात्रीत पाच वेळा उठणारा, पाणी कमी पडलेला, प्रोस्टेटची गोळी घेणारा ७१ वर्षांचा माणूस, आणि त्याचं आडवं आणि उभं बीपी नाही? मी खोकले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी परत खोकले. तिनं मला पाणी आणून दिलं. गप्प बसायच्या नादात मी ते तसंच जाऊ दिलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केअर प्लॅन आला. इथून तारे कमी व्हायला लागतात.

सहा पानं. मोबाइलवर, बारीक अक्षरात. ज्या माणसानं ‘हल्ली अंधुक दिसतं’ असं सांगितलं आणि ते तिनं टिपूनही घेतलं, त्याला बारीक अक्षरातली सहा पानं. पहिल्या ओळीतच ‘मधुमेहाचा रुग्ण’ असं लिहिलेलं. ‘संशयित’ हा शब्द सहा पानांत कुठेही नाही. भेटीत ती बाई एवढं जपून बोलली होती, आणि प्लॅन बनवणाऱ्या यंत्रणेनं तो एक शब्द वाटेत सांडून टाकला. तिच्या नोंदींतलं फारसं काही प्लॅनमध्ये उतरलं नव्हतं. बुटाची घडी नाही. चिखल्या नाहीत. स्टेरॉइड नाही. त्याऐवजी ‘इन्सुलिनच्या इंजेक्शनची जागा दर वेळी बदला.’ कसलं इन्सुलिन? ‘दिवसातून चार वेळा साखर तपासा.’ तपासून करायचं काय, किती आली तर कुणाला कळवायचं, ते नाही. ज्या आकड्यावरून पुढे काही ठरणार नाही, त्यासाठी म्हाताऱ्याचं बोट टोचू नये, हे मी विद्यार्थिनींना पहिल्या महिन्यात शिकवायची. पथ्याची यादी होती; त्यातले निम्मे पदार्थ त्या घरात कधी शिजतच नाहीत, म्हणजे बंद करायचा प्रश्नच नाही.

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होतं: ‘चक्कर, घाम, थरथर जाणवल्यास ताबडतोब १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्या.’

हा नियम आपल्या जागी सोळा आणे खरा आहे. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम द्यायची, १५ मिनिटांनी परत बघायची. पण तो कुणासाठी? जो इन्सुलिन घेतो, किंवा साखर खाली ओढणाऱ्या ठरावीक गोळ्या घेतो, त्याच्यासाठी. दादा डायबेटिसचं एकही औषध घेत नव्हता. साखर खाली जाण्याचा धोका त्याला जवळजवळ नव्हताच. सगळा धोका वरच्या बाजूला होता. वहिनींना हे कसं कळणार? त्यांनी तो कागद देवाच्या शब्दासारखा मानला आणि प्रत्येक खोलीत ग्लुकोजची एकेक पुडी ठेवली.

रक्त द्यायच्या दिवशी पहाटे पाचला दादा लघवीसाठी उठला. उभा राहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरून खाली बसला. वहिनींनी कागदात लिहिल्याप्रमाणे ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं. सात वाजता रक्त घ्यायला माणूस आला. ‘उपाशी आहात ना?’ ‘हो, रात्रीपासून अन्नाचा कण नाही.’ खोटं कुणीच बोललं नाही. त्या घरात ग्लुकोज हे खाणं नव्हतं, औषध होतं. योगायोगानं मी आदल्या रात्री तिथेच राहिले होते आणि ओट्यावरचा पेला मला दिसला. नाहीतर तो नमुना ‘उपाशीपोटी’ म्हणून गेला असता, आणि त्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली असती. एचबीए१सीला उपाशी असावं लागत नाही, तेवढं त्याच वेळी घेता आलं असतं. पण दोनदा सुई नको म्हणून त्याला परत पाठवला आणि दोन दिवसांनी बोलावला.

मग मी फोन केला. पहिल्यांदा फोन घेणाऱ्या मुलानं ‘मॅडम, प्लॅन तज्ज्ञांनी मंजूर केलेला असतो’ असं पाठ केलेलं वाक्य ऐकवलं. तेव्हा मात्र मी कोण ते सांगितलं, आणि तिसऱ्या पानावरची ओळ त्याला मोठ्यानं वाचायला लावली. दुपारी त्यांच्या वरिष्ठ सिस्टरचा फोन आला. तिनं वाद घातला नाही. चूक कुठे झाली ते सरळ सांगितलं: निदान झालेल्या रुग्णांचा साचा उघडला गेला होता, आणि नोंदी न वाचता तो पुढे पाठवला गेला होता. संध्याकाळपर्यंत नवा प्लॅन आला. दोन पानं, मोठी अक्षरं, छापून हातात.

हा दुसरा प्लॅन मात्र दाखवण्यासारखा आहे. वर लिहिलं होतं, ‘मधुमेहाचा संशय, निदान बाकी.’ पहिली अडचण साखरेची नाही, पाण्याची: लघवीवाटे पाणी जातंय, म्हणून तहान दाबायची नाही, साखर नसलेलं पाणी जवळ ठेवायचं, रोज सकाळी वजन करून लिहायचं, लिहिणार वहिनी. दुसरी अडचण पडण्याची: रात्री दिवा चालू, पलंगाशी लघवीचं भांडं, उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं. चक्कर आली तर आडवं करायचं, मीटर असेल तर साखर बघायची आणि फोन करायचा. काहीही गोड पाजायचं नाही. तिसरी पायाची: बेचक्या कोरड्या करायच्या, बुटाचं अस्तर बदलायचं, चीर तीन दिवसांत भरली नाही तर दाखवायची. चौथी तपासणीची: आठ तास काही नाही, पाणी चालेल, आणि निकाल येईपर्यंत जेवण नेहमीचंच. हे शेवटचं बऱ्याच जणांना उलटं वाटतं. पण ग्लुकोज पिऊन करायची तपासणी पुढे लागलीच तर आधीचे तीन दिवस नेहमीसारखं पोटभर जेवलेलं असावं लागतं; घाबरून उपाशी राहिलेल्या माणसाचा निकाल फसवा येऊ शकतो. खाली चौकटीत, कुठली लक्षणं दिसली तर कशाचीही वाट न बघता दवाखाना गाठायचा, ते. प्रत्येक ओळीपुढे कोण करणार आणि कधीपर्यंत, हे दोन रकाने. मला केअर प्लॅनमध्ये हे दोन रकानेच आधी बघायची सवय आहे. ते रिकामे असले की बाकीचं मी वाचत नाही.

दुसऱ्या भेटीला तीच सिस्टर आली. मी कोण हे तिला एव्हाना कळलं होतं. बॅग ठेवल्या ठेवल्या म्हणाली, ‘मॅडम, त्या दिवशीचा खोकला मला नंतर कळला.’ दादाला आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा १३८ वरून ११४ वर आला. वीसचा फरक पडला तरी दखल घ्यायची असते, इथे चोवीस होता. डॉक्टरांना कळवलं, प्रोस्टेटच्या गोळीनं उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं, त्यांनी ती बदलली. पहाटेच्या अंधारीचं कारण साखर नव्हतीच.

रिपोर्ट आले होते. उपाशीपोटी १३१, एचबीए१सी ६.९, हिमोग्लोबिन ठीक. हिमोग्लोबिनकडे तिनं मुद्दाम बोट दाखवलं तेव्हा मला बरं वाटलं; रक्त कमी असलं किंवा नुकतंच गेलेलं असलं की एचबीए१सी दिशाभूल करतं. दोन वेगळ्या तपासण्या, दोन्ही रेषेच्या वर. स्टेरॉइड होतं सात दिवसांचं, आणि एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची गोष्ट सांगतं. डॉक्टरांनी निदान पक्कं केलं आणि औषध सुरू केलं. सिस्टरनं जुन्या प्लॅनवरचा ‘संशय’ शब्द आमच्यासमोर पेनानं खोडला, तारीख टाकली, सही केली. मग एकेक ओळ घेऊन विचारलं, हे झालं का, हे का नाही झालं. चीर भरली होती. वजन लिहिलं होतं, तेही रोज. लघवीचं भांडं दादानं वापरलं नव्हतं, ‘मी काय आजारी आहे?’ म्हणून. तिनं हट्ट धरला नाही. त्याऐवजी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर दोन दिवे सांगितले. या वेळी तिनं आम्हा दोघींना दहा मिनिटं बाहेर बसवलं. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

तारे: पहिल्या भेटीला चार, पहिल्या प्लॅनला एक (तोही कागद वेळेवर आला म्हणून), दुसऱ्या प्लॅनला आणि भेटीला साडेचार. एकत्र करून साडेतीन टाकते आहे. सेवा घेणार असाल तर औषधांचा सगळा डबा, रोजचे बूट आणि घरात जो स्वयंपाक करतो तो माणूस, या तिन्ही गोष्टी भेटीच्या वेळी हजर ठेवा. प्लॅन हातात आल्यावर त्यात आपल्याच माणसाबद्दलच्या किमान तीन गोष्टी सापडतात का बघा. सापडल्या नाहीत तर त्याच दिवशी फोन करा, आणि पहिल्या उत्तरावर फोन ठेवू नका.

ट्यूनिंग फोर्क दुसऱ्या भेटीतही नव्हता. घट्ट्याशेजारी मोनोफिलामेंट परत लावला, तेव्हा दादाला नीट कळलं आणि जुनी नोंद खोडली गेली. पण कंपाची तपासणी अजून बाकी आहे. पुढच्या भेटीला आणतो म्हणालेत. आणला की इथेच लिहीन.